बॅग उघडा म्हटलं तर: कोल्हापूरकरांसाठी कस्टमची तयारी

परदेशी निघालेल्या कोल्हापूरकराच्या बॅगेत स्वतःचं सामान निम्मंच असतं. पुतण्याला चटणी, भाचीला पापड, शेजारच्या काकूंच्या लेकाला गूळ, आणि "एवढंसं तर आहे, जाताय तर न्या की" म्हणत ऐन वेळी रिक्षात टाकलेली एक पिशवी. मी राजारामपुरीत सहलींचं ऑफिस चालवते आणि दुबई, सिंगापूर, थायलंडचे ग्रुप स्वतः घेऊन जाते. माझ्या ग्रुपातल्या ज्यांना कस्टमनं अडवलं, त्यांच्यात चोरटा माल आणणारं कुणी नव्हतं. आपल्याच बॅगेत काय आहे हे धड सांगता न आलेली ती माणसं होती.

म्हणून निघायच्या आधी सगळ्यांनी बॅगा ऑफिसात आणायच्या आणि ज्याची त्यानं माझ्यासमोर उघडायच्या, असा माझ्याकडे नियम आहे. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

मागच्या एका दुबईच्या ग्रुपात शाहूपुरीतल्या एक काकू होत्या. त्यांच्या बॅगेत कांदा-लसूण मसाल्याचा स्टीलचा डबा, त्यावर तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, वरून रबर. डब्याबद्दल माझी तक्रार नव्हती. डब्याशेजारी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली एक पुडी होती. सोडली तर आत पावशेर खसखस.

"काकू, ही इथंच राहणार."

"अवो ताई, मग पांढऱ्या रश्श्याला घालायचं काय? लेक म्हटली तिकडं मिळतच न्हाई."

तिकडं मिळत नाही, कारण तिकडं बंदी आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, पण यूएईत ती अमली पदार्थांच्या हिशेबात धरतात. सिंगापूरलाही नेता येत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला पांढरा रस्सा समजावून सांगायला गेलात तर विमान निघून जाईल, आणि तुम्ही कुठं असाल ते सांगवत नाही. काकूंना मी काजू आणि तीळ न्यायला सांगितलं. मसाल्याचंही विचारून घेतलं, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत कांदा-लसूण मसाल्यातही खसखस भाजून घालतात. आखाती देशात न्यायचा मसाला कांडपातच खसखशीविना वेगळा करून घ्या.

बायकांच्या बॅगेत खसखस सापडते तशी पुरुषांच्या खिशात तंबाखूच्या माव्याची पुडी. सिंगापूरमध्ये चघळायच्या तंबाखूला बंदी आहे, ई-सिगारेटला आहे, च्युइंगमलाही आहे. साधी सिगारेट नेता येते, पण तिथं त्यावर एका काडीचीही करमाफी नाही, पाकीट दाखवून कर भरायचा. विमानतळावर उतरल्यावर मावा कुठं टाकू असं विचारणाऱ्यांसाठी सांगते: कोल्हापुरात टाका.

औषधांचं थोडक्यात. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या डबीत नको. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट हवी. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं आणि दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल. यूएईत दोन्ही नियंत्रित आहेत. असलं काही चालू असेल तर डॉक्टरांकडून पर्याय घ्या, नाहीतर परवानगी काढूनच निघा.

आता गूळ. गुळाला सहसा बंदी नसते, पण क्ष-किरणाच्या पडद्यावर तो नडतो. त्या यंत्रात धातू निळा दिसतो आणि खाद्यपदार्थ, कागद, प्लॅस्टिक असल्या गोष्टी नारिंगी. गुळाची आख्खी ढेप म्हणजे पडद्यावर गडद नारिंगी ठोकळा, ज्याच्या आतलं काहीच दिसत नाही. पलीकडच्या माणसानं ती बॅग बाजूला घेतली तर त्याचं काय चुकलं? छोट्या वड्या घ्या, दुकानाचं छापील वेष्टन असलेल्या, आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा. लेबल नसलेल्या प्रत्येक पुडीला हेच लागू. जोतिबाचा गुलाल, अंबाबाईचं कुंकू, पिठीसाखर, पापडखार: घरी प्रत्येक पुडी ओळखीची असते, टेबलावर ओतली की नुसती भुकटी. गुलाल नेऊच नका असं मी सांगते. कुंकू बंद डबीत, दुकानाच्या चिठ्ठीसकट.

(चटणी, मिरचीपूड आणि खर्डा हातातल्या बॅगेत ठेवू नका. तिथं अडवतात ते कस्टमवाले नव्हेत, सुरक्षा तपासणीवाले. लोक दोघांना एकच समजतात आणि भलत्याशीच वाद घालत बसतात.)

लेकाकडे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आईवडिलांना मी वेगळं बसवून घेते, कारण तिथला प्रकार जैवसुरक्षेचा आहे. नृसिंहवाडीचे पेढे किंवा बासुंदी तिथं आत जात नाही. आपल्याकडे जनावरांना लाळ-खुरकूत होते, म्हणून दुधाच्या मिठाईला मज्जाव. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थ आहेत का असा प्रश्न असतो, तिथं "हो" वर खूण करायची. डबाभर लाडू असोत नाहीतर मूठभर बडीशेप, "हो" म्हणजे हो. "हो" म्हटल्यावर फार तर वस्तू काढून घेतात. "नाही" म्हणून सापडलात तर दंड होतो, आणि पर्यटक व्हिसा तिथल्या तिथं रद्दही करू शकतात. ब्रिटनमध्येही भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. अमेरिकेला जाताना ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ घरीच ठेवा.

दुसऱ्याचं पार्सल हा आपल्या गावचा सगळ्यात अवघड विषय. नाही म्हटलं की माणसं तुटतात. तरी नाही म्हणा, किंवा त्यांच्यासमोर पिशवी ओता, एकेक वस्तू बघा आणि स्वतःच्या हातानं भरा. शिवलेलं, चिकटवलेलं, आधीच बांधलेलं काही घेऊ नका, मग ते सख्ख्या मेव्हण्यानं दिलेलं का असेना. "ही बॅग तुम्ही स्वतः भरली का?" असं विचारल्यावर तुम्हाला डोळ्यांत बघून हो म्हणता आलं पाहिजे. कोल्हापुरी चपलांचे एकाच मापाचे बारा जोडही घेऊ नका. दोनचार वेगवेगळ्या मापाचे चालतात, एकाच मापाचा ढीग दिसला की विक्रीचा माल वाटतो. हुपरीच्या पैंजणांचंही तेच.

सोनं नेताना

दुबईत लग्न असलं की गुजरीतल्या सराफांकडून केलेला साज, ठुशी, पाटल्या सगळं निघतं. जाताना कुणी विचारत नाही, खरी परीक्षा परतताना: हे इथूनच नेलं होतं, की तिथं घेतलं? ते सिद्ध करायचं काम तुमचं. त्यासाठी निर्यात प्रमाणपत्र असतं. आधी सराफाकडून वजन, शुद्धता आणि किंमत लिहिलेला दाखला घ्या, दागिन्यांचे फोटो काढा. मग निघायच्या दिवशी विमानतळावर बॅगा आत देण्याआधी कस्टमच्या अधिकाऱ्याला दागिने दाखवून प्रमाणपत्र करून घ्या. तासभर जादा धरा. रोजचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्यांसाठी एवढा खटाटोप मी करायला लावत नाही, पण साज न्यायचा असेल तर प्रमाणपत्राशिवाय नेऊ देत नाही. अंगावरचे फोटो असले तर आणखी बरं. एका वहिनींच्या फोनमध्ये त्याच साजाचा जुन्या हळदीकुंकवाचा फोटो निघाला आणि मुंबईच्या टेबलावरचा प्रश्न तिथंच मिटला.

रोख रकमेचंही इथंच सांगते. भारतीय नोटा जाता-येता 25,000 रुपयांपर्यंतच. परत येताना परकीय नोटा 5,000 डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक धरून 10,000 डॉलरच्या वर असतील तर त्या जाहीर कराव्या लागतात.

परत येताना

दुबईतून टीव्ही डोक्यावर घेऊन यायचे दिवस ऑगस्ट 2013 मध्ये संपले, तेव्हापासून त्यावर शुल्क लागतं. बाकी खरेदीसाठी 2016 च्या नियमात माणशी 50,000 रुपयांची सूट होती, ती फेब्रुवारी 2026 पासून 75,000 झाली. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा माफ. दारू दोन लिटर, आणि उतरल्यावर इथल्या ड्यूटी फ्री दुकानात घेतलेली बाटलीही त्या दोन लिटरमध्येच मोजतात. सिगारेट शंभर. दागिन्यांची जी सवलत ऐकता, बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20, ती वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्यांना. आठ दिवसांच्या सहलीवाल्यांना नाही. सोन्याची बिस्किटं आणि नाणी तर कुठल्याच माफीत बसत नाहीत.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते जोडप्यांचं. एका नवराबायकोनं 1,20,000 चा फोन आणला, तेव्हा मर्यादा 50,000 होती. त्यांचा हिशेब: दोघांचे मिळून लाख, म्हणजे शुल्क फक्त वीस हजारांवर. तसं चालत नाही. सूट ज्याची त्याची, दोघांची जोडता येत नाही. 70,000 वर 38.5 टक्क्यांनी 26,950 रुपये भरावे लागले. फोनचं खोकं टाकून देणं, कव्हर चढवून वापरलेला दाखवणं हे उपाय अधिकाऱ्यांनी आपल्या आधी बघितलेले आहेत. बिल जवळ ठेवा. बिल नसलं तर किंमत ते ठरवतात, आणि ती आपल्या मनासारखी नसते.

बेल्टवर बॅग आली की आधी तिच्यावर खडूची फुली आहे का बघा. बॅगा बेल्टवर यायच्या आधीच यंत्रातून गेलेल्या असतात आणि शंका आलेल्या बॅगेवर खूण करतात. फुली पुसायच्या भानगडीत पडू नका. फुली म्हणजे बॅग उघडून बघायची आहे एवढंच. पुसलीत तर लपवायचं आहे हे तुम्हीच जाहीर केलंत.

पुढं लाल आणि हिरवी वाट. मर्यादेच्या वर काही असेल तर सरळ लाल वाटेनं जा आणि सांगा. निघण्याआधी कस्टमच्याच 'अतिथी' ॲपवरही जाहीर करता येतं. लाल वाटेनं गेलं म्हणजे बेअब्रू, अशी आपल्याकडे उगाच समजूत आहे. लाल वाटेवर पावती मिळते. शुल्क लागणारा माल घेऊन हिरवी वाट ओलांडली की मात्र ती खोटी माहिती दिली असं धरतात आणि माल जप्त, वर दंड.

थांबवलंच तर पासपोर्ट द्या आणि विचारलं तेवढंच सांगा. बॅग स्वतःच्या हातानं उघडा. मुंबईत बऱ्याचदा अधिकारी मराठीच निघतो, म्हणून "साहेब, आपल्याच गावचे" सुरू करू नका. ग्रुपातल्या बाकीच्यांनी पुढं जाऊन उभं राहायचं. पाच जण एकदम बोलायला लागले की पाच वेगवेगळ्या किमती बाहेर पडतात. चहापाण्याची भाषा तर अजिबात नको, साध्या चौकशीचा गुन्हा होतो.

आपल्या बाजूनंही कायदा आहे, तो माहीत असू द्या. खरं जाहीर केलेली पण आणायला मनाई असलेली किंवा शुल्क लागणारी वस्तू अधिकाऱ्यांकडे ठेवून, पुन्हा देशाबाहेर जाताना परत मागता येते. कस्टम्स कायदा 1962, कलम 80. ठेवल्याची पावती घ्या, तीत वस्तूचं वर्णन आणि वजन लिहिलेलं बघा. अंगझडतीची वेळ आली तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या असं म्हणायचा हक्क कलम 102 देतं, आणि बाईची झडती बाईनंच घ्यायची असंही तिथंच लिहिलंय. जप्तीचा किंवा दंडाचा लेखी आदेश मान्य नसेल तर आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं. म्हणून तोंडी काही ऐकून निघू नका, कागद मागा. आवाज न चढवता मागितलेला कागद मिळतो, हा माझा अनुभव.

शेवटी वेळेचं. उजळाईवाडीपर्यंतचं, म्हणजे कोल्हापूर विमानतळापर्यंतचं, तिकीट एकत्र असलं तरी कस्टम मुंबईतच होतं, कोल्हापुरात नाही. बॅगा तिथं ताब्यात घेऊन, तपासणी करून, पुन्हा देशांतर्गत विमानासाठी द्याव्या लागतात. मधे तीन तासांच्या आतलं विमान मी ग्रुपला काढत नाही. पुणे किंवा गोव्यातल्या मोपाला उतरणार असाल तर गाडीवाल्याला विमान उतरायच्या वेळेनंतर दीड तासानं बोलवा, नाहीतर तो पार्किंगच्या पावत्या तुमच्याच नावावर लावतो.