थंडीतली पिल्ले आणि उंच खुराडे

थंडीची चाहूल लागली की कोंबडीपालन नव्याने सुरू करणाऱ्यांची दोन कामे एकदम अंगावर येतात. एक म्हणजे खुराडे बांधणे आणि दुसरे पिल्लांना ऊब देणे. मग दोन्ही एकाच जागी उरकायचा मोह होतो. जमिनीपासून उंच खुराडे बांधायचे, वरून बल्ब सोडायचा आणि पहिल्या दिवसापासून पिल्ले त्यातच ठेवायची. थंडीच्या दिवसांत कृपा करून असे करू नका.

उंच खुराडे मोठ्या कोंबडीला उत्तम, पण एका दिवसाच्या पिल्लाला ते सोसत नाही. जाळीच्या किंवा फळ्यांच्या फटीतून खालचा वारा थेट आत येतो, आणि पिल्लाचे पोट तळापासून जेमतेम दोन बोटांवर असते. वर बल्ब तापत असला तरी पिल्लू पोटाकडून गारठत जाते. मोठ्या कोंबडीच्या अंगात साधारण 41 अंश सेल्सिअस उष्णता असते आणि ती पिसांमुळे टिकते. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. पहिले दोन आठवडे तरी त्याला स्वतःची ऊब स्वतः सांभाळता येत नाही.

म्हणून खुराडे आधी बांधून तयार ठेवा, पण पिल्ले पहिले पाच-सहा आठवडे पक्क्या जमिनीच्या, आडोशाच्या खोलीत किंवा शेडच्या एखाद्या कोपऱ्यात वाढवा.

त्या कोपऱ्यात पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे गोल कडे करा, उंची दीड फूट पुरे. कडे गोलच हवे. चौकोन केला तर गारठलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. जमीन फार गार असेल तर खाली आधी कोरडे गोणपाट अंथरा. गुळगुळीत कागद मात्र टाकू नका. त्यावर पाय घसरून पिल्लांचे पाय बाहेर फाकतात आणि अशी पिल्ले अधू होतात.

ऊब देण्यासाठी पिल्लामागे साधारण 2 वॅट धरा. 50 पिल्लांना 100 वॅटचा बल्ब हा ढोबळ हिशेब. कडाका जास्त असेल तर थोडी वाढ करा. इथे एक गोष्ट हमखास चुकते. एलईडी बल्ब उजेड देतो, पण पिल्लाला लागते तेवढी ऊब देत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवाच लागतो. तो वायरवर लटकवू नका, साखळीने पक्का बांधा. खालचे तूस कोरडे असते, दिवा पडला तर आग लागायला वेळ लागत नाही.

पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच दिवा लावून ठेवा. हवा लवकर तापते, तूस आणि जमीन तापायला वेळ घेतात. पिल्ले येतात तेव्हा तुसात हात घालून पाहा, तळापर्यंत कोमट लागले पाहिजे. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 33 ते 35 अंश सेल्सिअस ठेवा आणि पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जा. थर्मामीटर भिंतीवर टांगून उपयोग नाही, तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर धरा.

थर्मामीटरपेक्षाही पिल्लांकडे बघणे महत्त्वाचे, आणि हे रात्री बघायचे असते. दिवसा सगळे ठीक दिसते, गारठा पहाटे वाढतो. सगळी दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी पडते आहे, दिवा खाली घ्या. दिव्यापासून लांब कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर जास्त होते आहे, दिवा वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर समोरच्या बाजूने कुठून तरी वाऱ्याची फट आहे. हात फिरवून ती शोधा आणि बुजवा. काही दिव्याजवळ, काही लांब, दोन-चार दाण्यापाशी, बाकीची अंग टाकून पसरलेली आणि आवाज हलका असेल तर निर्धास्त झोपा.

गारठलेले पिल्लू दिवा सोडून पाण्यापाशी जात नाही. त्यामुळे थंडीत पिल्ले तहानेनेही मरतात, आणि पाणी भरलेले असल्यामुळे आपल्याला शंकाही येत नाही. आल्या आल्या प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवा. पाणी नेहमी कोमट द्या, भांडे दिव्याच्या थेट खाली नको पण उबेच्या हद्दीत हवे. त्या रात्री थोडी पिल्ले हातात घेऊन मानेखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहा. ती भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लाने दाणा आणि पाणी दोन्ही घेतले. रिकामी लागली तर पाणी मिळाले नाही किंवा ऊब कमी आहे. कडक लागली तर दाणा खाल्ला, पाणी कमी पडले. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा, ओढू नका.

वीज जाण्याची तयारी पहिल्याच दिवशी करून ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवा, कडे लहान करा, वर अर्ध्या भागावर गोणपाट टाका, आणि पिल्ले ढीग करत नाहीत ना हे अधूनमधून बघत राहा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाचाही जीव घेतो. पडदे लावतानाही वरच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडा. डोळे चुरचुरतील इतका अमोनियाचा वास येत असेल तर तूस ओले आहे, ते लगेच बदला. ओल्या तुसात रक्ती हगवण बळावते, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तर जास्तच. विष्ठेत रक्त दिसले की त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा. लसीकरणाचे वेळापत्रकही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी हाताशी असेल तर यातले बरेच कष्ट वाचतात. मात्र कडाक्यात तिच्या पंखाखाली मावतील तेवढीच पिल्ले द्या. आठ-दहा पुरेत. आणि तिलाही जमिनीवर, आडोशालाच ठेवा.

आता खुराडे कसे बांधायचे ते. तळ जमिनीपासून दोन ते तीन फूट उंच घ्या, म्हणजे खालून झाडता येते, ओल चढत नाही आणि उंदीर तिथे बिळे करत नाहीत. पायांना उलट्या शंकूसारखे पत्रे बसवा, त्यावरून उंदीर वर चढू शकत नाही. जाळीत पैसे वाचवू नका. षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि मुंगूस वाट काढते. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर वेल्डिंगने जोडलेली जाळी घ्या आणि ती आतून-बाहेरून पट्टीने आवळा. दाराला नुसती कडी नको, खिळा किंवा कुलूपही हवे. दार सकाळच्या उन्हाकडे आणि वाऱ्याला पाठ करून ठेवा. छपराखाली दोन्ही बाजूंना हवेची फट सोडा. ती कोंबड्यांच्या डोक्यावरून जाईल इतकी उंच हवी, म्हणजे दमट हवा निघून जाते आणि अंगाला झोत लागत नाही. मोठ्या पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा आणि बसायच्या दांडीवर सात-आठ इंच धरा. अंड्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदीचे एक खोके पुरते.

पिल्ले वर नेण्याची वेळ दिवस मोजून ठरवू नका. पंखाखाली आणि पाठीवर पिसे भरली आहेत का, हे फुंकर मारून पाहा. कातडी उघडी दिसली तर आठवडाभर थांबा. नेण्यापूर्वी काही दिवस दिवा आधी दुपारी आणि मग रात्रीही बंद ठेवून सवय करा. जाळीच्या तळावर पहिल्या पंधरवड्यात गोणपाट आणि त्यावर तूस ठेवा, कोपऱ्यांत आडव्या फळ्या लावा. सकाळी उन्हात हलवा, संध्याकाळी नको. पहिल्या रात्री पिल्ले कोपऱ्यात ढीग करतात, तेव्हा एकेक उचलून खालच्या दांडीवर बसवावी लागतात. मोठ्या कोंबड्यांत मात्र इतक्यात मिसळू नका. टोचून टोचून त्या लहानांना दाण्यापासून दूर ठेवतात. अंगाने जवळपास सारखी होईपर्यंत मध्ये जाळी असू द्या.