मोंबासाचं जुनं शहर पायी कसं बघावं

केनियाला जाणारा मराठी पर्यटक सिंह बघतो आणि मोंबासाला गेलाच, तर किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये पडून राहतो. पण तिथल्या जुन्या स्वाहिली शहराला एक अख्खा दिवस द्यावा, आणि त्यातला मोठा वाटा तिथल्या फोर्ट जीझस या पोर्तुगीज किल्ल्याला.

१. निघण्यापूर्वी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढा. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निदान १० दिवस आधी टोचून घ्या; दाखला नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अडवतात. एप्रिल-मे हे तिथले धो-धो पावसाचे महिने, ते टाळा. नैरोबीहून रेल्वेने पाच-सहा तास लागतात. स्टेशन गावाबाहेर आहे, पुढे टॅक्सी करा. जुन्या शहरात फिरायला टुकटुक मिळते, म्हणजे आपली रिक्षाच. भाडं बसण्याआधी ठरवा.

२. सकाळी उघडताच फोर्ट जीझस गाठा, दुपारी तिथला प्रवाळी दगड भाजून काढतो. १५९३ साली पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, आराखडा कैराती या इटालियन स्थापत्यकाराचा. कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. मोंबासाच्या गादीचा वारस युसुफ बिन हसन लहानपणी गोव्यात नेला गेला, ख्रिस्ती करून वाढवला गेला, पुढे सुलतान म्हणून परत पाठवला गेला. १६३१ मध्ये त्यानेच किल्लेदाराला मारून किल्ला घेतला!

आतल्या संग्रहालयात ‘सांतो अँतोनियो द ताना’ या बुडालेल्या जहाजातल्या वस्तू शोधा. हे जहाज वसईला बांधलेलं. ओमानी अरबांच्या वेढ्यात अडकलेल्या किल्ल्याच्या मदतीला ते गोव्याहून आलं आणि १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. वेढा १६९६ ते १६९८ चालला आणि शेवटी किल्ला ओमानींकडे गेला. समुद्रात बुड्या मारणाऱ्यांनी १९७७ पासून ते जहाज उकरलं. बहुतेक लोक या कपाटांपुढून न थांबता निघून जातात. तुम्ही थांबा. मग तटावरून बंदराचं तोंड बघा, म्हणजे इथे तोफा का लावल्या ते कळतं.

३. किल्ल्यातून बाहेर पडून न्दिया कू या जुन्या रस्त्याने चालत सुटा. नकाशा खिशात ठेवा, गल्ल्या चुकल्या तरी समुद्राकडे उतरलं की जुनं बंदर लागतं. नजर कोरीव दारांवर आणि लाकडी सज्जांवर ठेवा. वाटेत मांध्री मशीद दिसेल, ती सोळाव्या शतकातली म्हणतात, बाहेरूनच बघा. ही राहती मुसलमान वस्ती आहे, म्हणून खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गाइड घेणार असाल तर पैसे आणि वेळ आधी बोलून घ्या.

४. न्याहारीला महामरी, म्हणजे वेलचीची गोडसर तळलेली पुरी, आणि नारळाच्या रसातली तूर, म्हणजे म्बाझी. शाकाहारी मंडळींची इथे अजिबात पंचाईत होत नाही. संध्याकाळी पितळी किटलीतली कडू कॉफी हलव्यासोबत घ्या. मसाले हवे असतील तर मॅकिनन मार्केट, कांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील कापड, हवा असेल तर बियाशारा स्ट्रीट. दोन्हीकडे घासाघीस चालते.

एक दिवस जास्त असेल तर उत्तरेला गेडीचे अवशेष बघा. जंगलात शिरलेलं हे स्वाहिली गाव सतराव्या शतकात ओस पडलं. मोंबासाहून जाऊन-येऊन दिवस मोडतो, तेव्हा जवळच्या वाटामू या किनाऱ्यावरच्या गावी मुक्काम केलेला बरा.