जाहिरातीच्या आधी काय करावं: छोट्या धंद्याचं मार्केटिंग आखताना

दोन वर्षांपूर्वी श्रावणाच्या तोंडावर आम्ही वहिनींच्या थालीपीठ भाजणीची दोन हजार पत्रकं छापली आणि डोंबिवलीत पेपरात घालून वाटली. छपाई आणि पेपरवाल्याचे पैसे धरून 3,400 रुपये गेले. फोन आले अकरा. त्यातल्या सात जणींनी विचारलं, "आमचं धान्य आणून दिलं तर भाजून-दळून द्याल का?" पत्रकं गेली होती जुन्या वस्तीत, जिथे घरोघरी भाजणी होतेच. चूक माझी. तो भाग मी निवडला होता, कारण तिथला पेपरवाला ओळखीचा होता.

भाजणी उत्तम होती, पत्रकही देखणं होतं. तरी पैसे पाण्यात गेले. तेव्हापासून मी मोठ्या कंपन्यांच्या गाजलेल्या आणि आपटलेल्या योजना बारकाईने वाचतो आहे. माझं मत आता पक्कं झालं आहे: योजना बहुतेक वेळा जाहिरातीच्या कितीतरी आधी फसलेली असते. गिऱ्हाईक रोज काय करतं, हे न बघता आखणी झालेली असते. म्हणून खालची कामं जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करण्याआधी करावीत. क्रम शक्यतो बदलू नये.

1. तुमची वस्तू परक्या घरात वापरताना बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ओळखीच्यांना "कशी वाटली?" विचारून भागत नाही, ते छानच म्हणतात. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा.

पत्रकांचा प्रकार झाल्यावर मी भाजणीचं पाकीट घेऊन एका मित्राच्या नव्या घरी गेलो. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे. तिने भाजणी ताटात ओतली, कांदा-तिखट-मीठ घातलं आणि नळाखाली ताट धरून अंदाजाने पाणी घेतलं. लगेच थापायला गेली. थालीपीठ तव्यावर उलटताना तीन तुकडे झाले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला नाही जमत हे." दोष तिचा नव्हता. भाजणीला कोमट पाणी लागतं आणि भिजवून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवावी लागते, हे पाकिटावर कुठेच नव्हतं. वहिनींना ते लिहावंसं वाटलं नव्हतं, कारण ते कुणाला माहीत नसेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आता पाकिटावर मोठ्या अक्षरात चार ओळी आहेत, आणि पहिली ओळ पाण्याची आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर केलॉग्जच्या बाबतीत झालं. 1994 साली ही अमेरिकन कंपनी भारतात आली, कारखाना आपल्या रायगडात तळोज्याला काढला. मक्याचे पोहे थंड दुधात घालून कुरकुरीत खायचे, ही तिकडची सवय. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय कुणी पीत नाही आणि सकाळी मुलाच्या पुढ्यात येतं ते गरमच. गरम दुधात ते पोहे क्षणात लगदा होतात. थंड दूध घ्यावं तर साखर विरघळत नाही. शिवाय डबा महाग. सुरुवातीच्या जाहिरातींचा सूर असा होता की आपला नेहमीचा नाश्ता पौष्टिक नाही. पोहे-उपमा-पराठे करणाऱ्या आईला हे कसं रुचेल? पहिल्या कुतूहलापोटी लोकांनी डबे नेले, दुसरा डबा न्यायला मात्र फार थोडे परत आले. पुढे कंपनीने लहान पाकिटं काढली, मुलांसाठी चॉकलेटी प्रकार आणला, जाहिरातीचा सूर बदलला, तेव्हा कुठे बस्तान बसलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे कळायला वेळ लागला ते एखाद्या स्वयंपाकघरात सकाळी साडेसातला उभं राहून दिसलं असतं.

किमान पाच घरं बघा. वयाने, कमाईने वेगळी असतील अशी.

2. "आज ते त्याऐवजी काय घेतात?" याचं उत्तर एका ओळीत लिहा

तुमची स्पर्धा कुणाशी आहे ते यातून कळतं. आम्ही समजत होतो की आमची स्पर्धा बाजारातल्या दुसऱ्या भाजण्यांशी आहे. जुन्या वस्तीत ती घरच्या भाजणीशी होती आणि तिथे आम्ही हरणारच होतो. मित्राच्या घरी ती ब्रेडशी होती. रात्री नऊला दमून आलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत पोटभर काहीतरी हवं असतं. ही ओळ लिहिल्यावर कुठे विकायचं ते आपोआप ठरलं: स्टेशनपासून लांबची नवी संकुलं, संध्याकाळची वेळ.

ओळ लिहिता येत नसेल तर अजून पहिलं काम झालेलं नाही असं समजा.

3. भाव ठरवण्याआधी पुडीचं माप ठरवा

इथे तामिळनाडूतल्या कडलूरचं उदाहरण मनात ठेवण्यासारखं आहे. सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये 15,000 रुपयांवर चिक शाम्पूचा धंदा सुरू केला. शाम्पूची पुडी ही कल्पना त्यांच्या वडिलांची, चिन्नी कृष्णन यांची. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात महिन्याची बाटली येत नाही, हातात रोज जेवढे पैसे पडतात तेवढ्याचीच खरेदी होते. पुढे रंगनाथन यांनी 50 पैशांची पुडीसुद्धा आणली. गावोगावी जाऊन त्यांची माणसं शाळकरी मुलांचे केस सगळ्यांसमोर धुऊन दाखवत आणि जमलेल्यांना हात लावून बघायला सांगत. कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि एक चिक फुकट न्या, अशी योजना होती. पुढे ती फक्त चिकच्या पुड्यांपुरती ठेवली. मोगऱ्याचा आणि गुलाबाचा वास आणला तो तिथल्या बायका केसांत फुलं माळतात म्हणून. यातली एकही गोष्ट कचेरीत बसून सुचण्यासारखी नाही.

आम्ही अर्ध्या किलोच्या पाकिटाबरोबर दोन माणसांच्या एका जेवणापुरती लहान पुडी काढली. पहिल्यांदा घेणारं गिऱ्हाईक तीच उचलतं.

4. तुमची वस्तू घेणारा चारचौघांत काय सांगेल?

टाटा नॅनोची गोष्ट मला अजून चटका लावते, कारण मागचा हेतू अगदी खरा होता. स्कूटरवर चौघांचं कुटुंब पावसात भिजत जाताना रतन टाटांनी पाहिलं आणि त्यांना सुरक्षित गाडी द्यावी असं वाटलं. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत गाडी दाखवली, लाख रुपयांची गाडी म्हणून जगभर बोलबाला झाला. 2009 मध्ये बुकिंग दोन लाखांच्या वर गेलं. बंगालमधल्या सिंगूरचा कारखाना सोडून गुजरातेत साणंदला जावं लागलं, त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांनी धास्ती बसली. पण मुळातलं दुखणं शब्दाचं होतं: "सर्वांत स्वस्त." ज्याने आयुष्यात पहिल्यांदा गाडी घ्यायची, पेढे वाटायचे, बोनेटवर हार घालायचा, त्याला शेजाऱ्याने "स्वस्तातली घेतली का?" विचारलेलं नको असतं. ही गाडी स्वस्त म्हणून खपवणं चुकलं, हे स्वतः टाटांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती, विक्री तिच्या जवळपासही गेली नाही.

आमच्या पहिल्या पत्रकावर मी लिहिलं होतं, "घरच्यापेक्षा स्वस्त!" वहिनींना तेव्हाच खटकलं होतं. "भाऊजी, घरी पाहुणे आल्यावर कुणी असं सांगेल का हो?" त्या म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. आता त्या ओळीच्या जागी धान्यांची नावं आहेत आणि "मंद आचेवर वेगवेगळी भाजलेली" एवढंच. घेणारी बाई ते अभिमानाने सांगू शकते.

5. दुकानातला माल आणि मार्जिन आधी बघा

दुकानदाराने पाकीट गल्ल्यामागे ठेवलं तर जाहिरात बघून आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं. त्याला मार्जिन किती, उधारी किती दिवसांची, मुदत संपलेला माल परत घेणार का, हे तीन प्रश्न आधी मिटवा.

मग हिशेब मांडा. आमचं पाकीट 120 रुपयांचं. दुकानदाराचे 20 टक्के, म्हणजे 24 रुपये गेले. धान्य, दळण, पिशवी, लेबल मिळून 70. उरले 26. त्या 3,400 रुपयांच्या पत्रकांचा नुसता खर्च निघायला 131 पाकिटं जास्तीची खपायला हवी होती. हा भागाकार मी छापखान्यात जायच्या आधी केला असता तर दोनशे पत्रकांवर थांबलो असतो.

6. थोड्यावर करून बघा, आणि प्रश्न नीट विचारा

एक इमारत, एक दुकान, पंधरा दिवस. एवढं पुरतं.

विचारताना मात्र सांभाळा. कोका-कोलाने 1985 मध्ये जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन नवा कोक आणला. चाखताना लोकांना तो जास्त आवडला होता. एप्रिलमध्ये बाजारात आला आणि 79 दिवसांत कंपनीला जुना कोक परत आणावा लागला. "कुठला जास्त आवडतो?" हे विचारलं होतं. "यासाठी जुना कायमचा सोडाल का?" हा खरा प्रश्न लोकांनी नंतर रागावून स्वतःच सोडवला. म्हणून फुकट चव देऊन "आवडली का?" विचारण्यापेक्षा लहान पुडी पैसे घेऊन द्या आणि आठवड्याने बघा, तो परत येतो का.

7. दुसऱ्या खेपेची नोंद ठेवा

शंभर पानी वही पुरे. रकाने तीन: तारीख, कुठून कळलं, कितवी खेप. रीलला किती लोकांनी पसंती दिली याचा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही.

दुसरी खेप येते ती मालाच्या एकसारखेपणामुळे. लिज्जत पापडाचंच बघा. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. सुरुवातीला त्यांच्याकडे दोन प्रतीचे पापड होते, एक जरा स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. त्याच पापडाला पुढे लिज्जत हे नाव मिळालं.

आमच्याकडेही मध्यंतरी धने महागले तेव्हा मी प्रमाण थोडं कमी करू म्हणालो होतो. वहिनींनी नकार दिला आणि लहान पुडीचा भाव दोन रुपयांनी वाढवला. त्या महिन्याच्या वहीत दुसऱ्या खेपेची बावीस नावं आहेत. गेल्या आठवड्यात जुन्या वस्तीतल्या एका काकूंचा फोन आला. सूनबाई घरची भाजणी करत नाहीत, म्हणाल्या, दोन पाकिटं पाठवा. मी वहीत लिहिलं: कुठून कळलं, सुनेच्या मैत्रिणीकडून.