ॲक्सेसच्या डेटाबेसमधून पीडीएफ फाइल हव्या त्या पानावर कशी उघडावी

जमिनीचे जुने फेरफार, संस्थेच्या सभांची इतिवृत्ते किंवा दाव्यांची कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेल्या अनेक कार्यालयांत त्यांची सूची मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये असते. नोंद क्षणात सापडते, पण चारशे पानांच्या फाइलमधले नेमके पान मात्र हाताने शोधावे लागते. फॉर्मवरील एका बटणाने ते पान थेट उघडता येते आणि त्यासाठी लागणारा व्हीबीए (ॲक्सेसमधली प्रोग्रामिंगची भाषा) कोड पाच-सहा ओळींपेक्षा मोठा नसतो.

ॲक्सेसमधील फॉलो-हायपरलिंक ही पद्धत फाइल उघडते खरी, परंतु ती विंडोजने ठरवलेल्या प्रोग्रामकडे फाइल सोपवून मोकळी होते. पान क्रमांकासारख्या सूचना द्यायच्या असतील, तर पीडीएफ वाचणारा प्रोग्राम आपणच त्याच्या कमांड-लाइन पर्यायांसह (प्रोग्रामच्या नावापुढे लिहिलेल्या सूचनांसह) सुरू करावा लागतो.

प्रथम तक्त्यात दोन रकाने ठेवावेत, एक फाइलच्या पूर्ण मार्गासाठी आणि दुसरा पान क्रमांकासाठी. फाइल नेटवर्कवर असेल, तर ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा मार्ग लिहावा, कारण ते अक्षर प्रत्येक संगणकावर वेगळे असू शकते. पान क्रमांक लिहिताना फाइलच्या पहिल्या पानापासून मोजावे, कागदावर छापलेला आकडा घेऊ नये; मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेमुळे या दोन आकड्यांत हमखास फरक पडतो. वाचक प्रोग्रामचा मार्ग कोडमध्ये न लिहिता वेगळ्या सेटिंग तक्त्यात ठेवल्यास, पुढे प्रोग्राम बदलला तरी कोडला हात लावावा लागत नाही.

त्यानंतर संपूर्ण आज्ञा आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर टाइप करून पाहावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पर्यायातली चूक तासन्‌तास कोडमध्ये शोधत बसतात. सुमात्रा पीडीएफ या वाचक प्रोग्राममध्ये प्रोग्रामच्या मार्गानंतर हायफन जोडून ‘पेज’ हा शब्द रोमन लिपीत लिहावा, पुढे जागा सोडून पान क्रमांक आणि शेवटी फाइलचा मार्ग द्यावा. ॲडोबी रीडरमध्ये स्लॅशला जोडून रोमन ‘ए’ हे अक्षर येते, त्यानंतर अवतरणचिन्हांत ‘पेज’, बरोबरचे चिन्ह आणि क्रमांक सलग लिहिले जातात, आणि मग फाइलचा मार्ग येतो.

सर्वाधिक चुका अवतरणचिन्हांत होतात. ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरच्या नावातच मोकळी जागा आहे, त्यामुळे प्रोग्रामचा मार्ग आणि फाइलचा मार्ग हे दोन्ही स्वतंत्रपणे दुहेरी अवतरणचिन्हांत हवेत. अन्यथा मार्ग मधेच तुटतो. व्हीबीएमध्ये मजकुराच्या आत हे चिन्ह हवे असल्यास ते दोनदा लिहावे लागते, आणि अशा चिन्हांची रांग वाचताना डोळा चुकतो. त्याऐवजी सीएचआर फंक्शनला ३४ हा आकडा देऊन मिळणारे चिन्ह एका व्हेरिएबलमध्ये ठेवावे आणि तेच सगळीकडे जोडावे.

तयार झालेली आज्ञा व्हीबीएच्या शेल फंक्शनला देता येते. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या मूल्यात) खिडकीचा प्रकार जरूर सांगावा, कारण तो वगळल्यास प्रोग्राम मिनिमाइझ स्थितीत सुरू होतो आणि वापरणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते. नेहमीच्या खिडकीसाठी १, तर पूर्ण पडद्यासाठी ३ हा आकडा द्यावा. ‘५३’ क्रमांकाची चूक आल्यास प्रोग्रामचा मार्ग तपासावा.

आपल्याकडे मात्र एक अडचण हमखास येते, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच असतो. फाइलचे नाव देवनागरीत असेल, तर शेल आणि फाइल आहे का ते पाहणारे डिर ही दोन्ही फंक्शन्स कामी येत नाहीत. ती मजकूर युनिकोडमधून (सर्व लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंचातून) संगणकाच्या जुन्या कोडपेजमध्ये (मोजक्याच अक्षरांच्या संचात) बदलतात आणि देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. तक्त्यातील नाव शाबूत असते, कारण ॲक्सेस ते युनिकोडमध्येच साठवते. अशा वेळी फाइल आहे की नाही हे फाइल-सिस्टिम-ऑब्जेक्टच्या फाइल-एक्झिस्ट्सने तपासावे आणि आज्ञा विंडोज स्क्रिप्टच्या शेल ऑब्जेक्टमधील ‘रन’ या पद्धतीला द्यावी. ही दोन्ही साधने युनिकोड सांभाळतात. व्हीबीएची इमिजिएट खिडकी आणि मेसेज बॉक्सही प्रश्नचिन्हेच दाखवतात, म्हणून तयार आज्ञा तपासायची असल्यास ती फॉर्मवरील टेक्स्ट बॉक्समध्ये आणून वाचावी. मराठी कागदपत्रांची नावे केवळ या कारणासाठी रोमन लिपीत बदलण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

‘रन’चा आणखी एक उपयोग आहे. त्याच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये ‘ट्रू’ दिल्यास, सुरू केलेला प्रोग्राम बंद होईपर्यंत कोड थांबून राहतो, तर व्हीबीएचे शेल फंक्शन प्रोग्राम सुरू करून लगेच पुढे जाते. नुसते पान दाखवायचे असल्यास थांबू नये, कारण तेवढा वेळ ॲक्सेस अडकून पडते. सुमात्राच्या ‘प्रिंट-टू-डिफॉल्ट’ पर्यायाने एकामागून एक फाइली छापायच्या असतील, तेव्हा मात्र थांबणेच योग्य. वाचक प्रोग्राम आधीच उघडा असेल आणि नवी फाइल त्याच खिडकीकडे सोपवली गेली, तर ‘ट्रू’ देऊनही कोड लगेच पुढे सरकतो, हे ध्यानात ठेवून छपाईसाठी स्वतंत्र बटण आणि स्वतंत्र आज्ञा ठेवावी.