‘बिनीथ अ स्टील स्काय’मध्ये अडकलात? या चुका टाळा

सायबरपंक (यंत्रांच्या कब्जातल्या भविष्यातल्या) शहरातला पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे माऊसने क्लिक करत कोडी सोडवायचा, खेळ फुकटात आणि तोही कायदेशीर मार्गाने हवा असेल, तर आजही पहिलं नाव ‘बिनीथ अ स्टील स्काय’चं. 1994 साली ब्रिटनमधल्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअर या छोट्या स्वतंत्र स्टुडिओने तो केला. चार्ल्स सेसिल त्याचे दिग्दर्शक, चित्रांची बाजू कॉमिक्सवाले डेव्ह गिबन्स यांची. 2003 साली स्टुडिओने तो मोफत केला. नवे खेळाडू पहिल्या दोन तासांत हमखास अडकतात आणि मग वॉकथ्रू (तयार उत्तरं) उघडून बसतात. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: ते पडद्यावर वस्तू हुडकत राहतात. या खेळातली कुलुपं मात्र बहुतेक वेळा माणसांनी आणि वेळेच्या मेळाने उघडतात.

(पुढे काही कोड्यांची उत्तरं आली आहेत. कोरी पाटी ठेवायची असेल तर ‘सुरू करतानाच’ एवढाच भाग वाचा.)

सुरू करतानाच

मूळ फाइल डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळातल्या आहेत, त्या थेट डबल-क्लिक करून चालत नाहीत. स्कमव्हीएम हा मोफत प्रोग्रॅम लागतो. गॉग या खेळांच्या साइटवरून खेळ घेतलात तर सगळं जोडूनच येतं. स्कमव्हीएमच्या साइटवरून घेतलात तर झिप आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, ‘अ‍ॅड गेम’ दाबा आणि तो फोल्डर निवडा. झिपच्या आतूनच खेळ चालवायला जाणं ही पहिली चूक. दुसरी अडचण ‘स्काय डॉट सीपीटी’ ही फाइल सापडत नसल्याच्या संदेशाची. ही फाइल मूळ खेळाची नाही, स्कमव्हीएमची आहे. जुनी आवृत्ती असेल किंवा प्रोग्रॅम अर्धवट कॉपी झाला असेल तर ती गहाळ असते. प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती टाका, खेळाच्या फाइलना हात लावू नका.

फ्लॉपी आणि सीडी अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात. सीडीवालीच घ्या, तिच्यात पात्रांचे आवाज आहेत. मधेच आवृत्ती बदलू नका, कारण एकीचं सेव्ह दुसरीत उघडेलच असं नाही. ऑडिओच्या सेटिंगमध्ये आवाज आणि सबटायटल दोन्ही चालू ठेवा. पात्रं ब्रिटिश ढंगात भराभर बोलतात, आणि पुढच्या कोड्याचा धागा कित्येकदा एका टोमण्यात दडलेला असतो. तो कानावरून गेला की गेला.

डावं बटण, उजवं बटण

डाव्या क्लिकने खेळाचा नायक फॉस्टर चालतो आणि वस्तू न्याहाळतो. उजव्या क्लिकने तो ती उचलतो, वापरतो, समोरच्याशी बोलतो. नवे खेळाडू डाव्या बटणावरच अडून राहतात आणि फॉस्टर नुसती शेरेबाजी करत राहिला की खेळ बिघडला असं समजतात. मोबाइलवर उजव्या क्लिकसाठी दोन बोटांनी टॅप करावं लागतं. खिशातलं सामान दिसण्यासाठी कर्सर पडद्याच्या अगदी वरच्या कडेला न्या.

चित्र मुळात 320 बाय 200 पिक्सेलचं. मोठ्या मॉनिटरवर गुळगुळीत करणारे फिल्टर लावले की बारीक वस्तू पार्श्वभूमीत विरघळतात. सुरुवातीलाच दार उचकटायला लागणारी धातूची सळई अशीच नजरेतून सुटते. फिल्टर बंद करा आणि माऊस सावकाश फिरवा. कामाच्या वस्तूवर तिचं नाव उमटतं. नाव उमटलं नाही तर तिथे काही नाही, पुढे चला.

जोईला गृहीत धरणं

जोई म्हणजे फॉस्टरने सोबत आणलेला सर्किट बोर्ड. भंगारातल्या रोबोच्या सांगाड्यात तो बसवला की तो जिवंत होतो आणि तोंडही सुरू करतो. इथली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे त्याला करमणुकीचं पात्र समजणं. खोलीत नवं यंत्र, पॅनेल किंवा कुलूप दिसलं की जोईशी बोला, आणि त्याने एकदा ‘नाही’ म्हटलं तरी परिस्थिती बदलल्यावर पुन्हा विचारा. डॉक्टर बर्कच्या दवाखान्यात स्वागताला होलोग्राम असतो. तो फॉस्टरला दाद देत नाही. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ जातो, तिथे बोलायचं जोईने.

जोई पायात पाय घालून चालत नाही, मागून रमतगमत येतो. खोलीत शिरल्याशिरल्या तो दिसला नाही तर लगेच बाहेर पडू नका, जरा थांबा. तुम्ही सारखे आत-बाहेर केलंत की त्याची-तुमची चुकामूक होत राहते.

वीजघरातलं कोडं हा जोईचा खरा कस. तिथली दोन बटणं एकाच वेळी दाबायची असतात: एक जोईला सांगायचं, दुसरं लगेच आपण दाबायचं. जोईला सांगून तुम्ही दुसरीकडे क्लिक केलंत, तर मेळ जमत नाही आणि उत्तरच चूक असं वाटू लागतं. त्यानंतर बल्बचं काम. आधी स्विच बंद, मग बल्ब काढायचा, सॉकेटमध्ये पुट्टी भरायची, मग स्विच चालू. वीज चालू असताना सॉकेटमध्ये खुडबुड केलीत तर फॉस्टर जागीच संपतो. काढलेला बल्ब विसरू नका, शेवटाकडे भुयारातल्या अंधारात तो लागतो.

पात्रं फिरतात, तुम्ही थांबा

रेव्होल्यूशनने आपल्या इंजिनाला ‘व्हर्च्युअल थिएटर’ म्हटलं होतं. पात्रं एका जागी खिळून नसतात. त्यांचा आपापला फेरा चालू असतो, तुम्ही बघत असा वा नसा. म्हणून ‘इथे कोणी नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. कारखान्याचा सुपरवायझर लॅम्ब दिसत नसेल तर तो दुसऱ्या टोकाला गेलेला असेल.

याच्या उलटही करावं लागतं. विमा एजंट अँकरच्या ऑफिसातल्या पुतळ्याचा नांगर कापून हवा असतो, पण त्याच्या देखत जोई ते करणार कसं? अँकरला विम्याच्या गोष्टीत गुंतवून आत पाठवायचं आणि तेवढ्यात जोईला कामाला लावायचं. जोई अजून पहिल्याच सांगाड्यात असेल तर सगळं व्यर्थ, कापायला वेल्डिंगवाला सांगाडा लागतो. नांगर आणि केबल जोडून आकडा होतो.

कंट्रोल-एफ आणि कंट्रोल-जी दाबून खेळाचा वेग वाढवता येतो. लांब चालायचं असेल तेव्हा खुशाल वापरा, पण अशा वेळ साधायच्या जागी आधी बंद करा.

टर्मिनलकडे दुर्लक्ष

मेलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या, राइखच्या, देहाजवळचं ओळखपत्र फक्त लिफ्टसाठी आहे असं धरून चालू नका. ते लिंकच्या (शहर चालवणाऱ्या संगणकाच्या) टर्मिनलमध्ये घाला आणि मेन्यूतला प्रत्येक पर्याय उघडून बघा. लॅम्बचे अधिकार काढून घेण्याची सोय तिथेच आहे. हे थोडं दुष्टपणाचं आहे, पण त्याशिवाय पान हलत नाही. कार्ड बंद पडल्यावर लॅम्ब घरी जाऊ शकत नाही, मांजराला खायला घालायची गळ फॉस्टरला घालतो, आणि त्याच्या घरातून मांजरांची व्हिडिओ कॅसेट हाती येते. ती खालच्या मजल्यावर मिसेस पिअरमाँटच्या घरात लावली की त्यांचा कुत्रा स्पंकी टीव्हीला चिकटतो आणि बिस्किटं घेता येतात.

या शहरात श्रीमंत जमिनीलगत राहतात आणि कष्टकरी वर, धुरात. त्यामुळे वरच्या मजल्यावर काही सापडेना झालं की खाली उतरा.

सेव्ह

एफ-5 दाबल्यावर सेव्हचं पॅनेल उघडतं. स्कमव्हीएम काही मिनिटांनी आपोआप सेव्ह करतं, पण ते दर वेळी आधीच्यावरच लिहिलं जातं. मरणाच्या दोन क्षण आधीचं सेव्ह उरलं तर त्याचा काय उपयोग? प्रत्येक नव्या मजल्यावर वेगळ्या नावाने सेव्ह करा, आणि भुयारात शिरण्याआधी तर नक्कीच. तिथे भिंतीतल्या भोकाजवळून अंधारात गेलात की आतलं काहीतरी फॉस्टरला ओढून नेतं. अडकलात म्हणून पहिल्यापासून सुरू करण्याची गरज सहसा पडत नाही. आधी खिशातल्या वस्तू बघा, मग जोईला विचारा.

बागेतल्या तळ्याकाठी फळीवर बिस्किटं ठेवून दोर ओढायची वेळ येईल तेव्हा स्पंकी फळीवर चढेपर्यंत बोट माऊसवर नुसतं ठेवा. तो उडून पाण्यात पडला की कॅथेड्रलच्या दारातला पहारेकरी तिकडे धावतो, आणि दार मोकळं मिळतं.