तोडलेल्या पिल्लांना प्रोबायोटिक द्यायचं, तर असं द्या

डुकराची पिल्लं आईपासून तोडली की पहिले आठ-दहा दिवस सगळ्यात नाजूक. दूध बंद, जागा नवी, परक्या पिल्लांशी मारामाऱ्या. एक-दोन दिवस ती धड खात नाहीत, मग खाद्यावर तुटून पडतात. आतड्याच्या आत बारीक अंकुर असतात, अन्नरस त्यांतून शोषला जातो. पोट रिकामं राहिलं की ते आखूड होतात. दुधातल्या साखरेपासून पोटात जे आम्ल तयार व्हायचं, तेही थांबतं. मग न पचलेली सोयाबीन पेंड पुढे सरकते आणि हगवण लावणारा ई. कोलाय जिवाणू तिच्यावर माजतो. पहाटे शेडमध्ये जावं तर शेपटीखाली ओलं आणि जमिनीवर पिवळट पाणी.

प्रोबायोटिकचा, म्हणजे चांगल्या जिवंत जिवाणूंच्या पावडरीचा, खरा उपयोग या दिवसांत. हे जिवाणू आतड्यातली जागा आणि खाणं आधीच अडवतात, त्यांतले काही लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे ई. कोलायला पाय रोवणं जड जातं. धडधाकट मोठ्या डुकरांना वर्षभर पावडर चारणं मला तरी पटत नाही. पूर्वी या दिवसांत खाद्यातच कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मिसळायची सवय होती. 2019 मध्ये त्यावर बंदी आली, ते बरंच झालं.

घेताना पुड्यावरचं चित्र बघू नका, मागची बाजू वाचा. जिवाणूचं नाव, दर ग्रॅममध्ये किती सीएफयू (म्हणजे वाढू शकणारे जिवंत जिवाणू) आणि मुदत, या तिन्हींपैकी एक नसेल तर पुडा परत ठेवा. बॅसिलस सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिस असेल तर ते बीजाणूच्या, म्हणजे कडक कवचात झोपलेल्या, रूपात असतात. उष्णता, साठवण, दोन्ही सोसतात. लॅक्टोबॅसिलस चांगला, पण नाजूक. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पुडा उघडा राहिला तर तुम्ही नुसती पावडरच चारताय.

मात्रा पुड्यावरचीच धरा. साधारण किलोभर खाद्याला 1 अब्ज सीएफयू पडावेत असा हिशोब असतो. म्हणजे ग्रॅमला 1 अब्ज असलेली पावडर 100 किलो खाद्याला 100 ग्रॅम. ती ढिगावर भुरभुरू नका. आधी किलोभर मक्याच्या भरड्यात कालवा, ते 10 किलोत, मग 100 किलोत. नाहीतर एका पिल्लाला मूठभर आणि दुसऱ्याला काहीच नाही.

आमच्या सावंतवाडीकडे अजून बरेच जण हॉटेलचं उरलेलं आणून कोंड्याबरोबर शिजवतात. आणत असाल तर नीट उकळाच, उष्ट्यातल्या मांसातून येणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा, डुकरांच्या जीवघेण्या साथीचा, धोका आहे. पण पावडर उकळत्या टोपात टाकू नका. बोट बुडवून धरता येईल इतकं कोमट होऊ दे, मग घाला. नळाच्या क्लोरिनच्या पाण्यातही नको. आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं असेल तर ते संपेपर्यंत लॅक्टोबॅसिलसवर पैसे घालू नका, ते मरतात.

सुरुवात तोडायच्या दिवशी केली तर उशीर झाला. पिल्लं आईच्या अंगाला, विष्ठेला तोंड लावतात, पोटातले पहिले जिवाणू तिथूनच येतात. म्हणून मी मादीला विण्याआधी दोन आठवडे सुरू करते, पिल्लं पिताहेत तोवर देते. दुसऱ्या आठवड्यात पिल्लांना चिमूटभर खाद्य दाखवायला लागलं की त्यातही. तोडल्यावर तीन आठवडे, मग बंद.

दही-ताक चालेल का, हे हमखास विचारतात. ताक द्या, पिल्लं आवडीने पितात, पोटात थोडं आम्लही जातं. पण विरजणातले जिवाणू डुकराच्या आतड्यात फारसे टिकत नाहीत, तेव्हा त्याला प्रोबायोटिकच्या जागी धरू नका.

रक्ताची हगवण, 104 फॅरनहाइटच्या वर ताप, कान निळे-जांभळे पडणं, किंवा एकाच दिवशी दोन-तीन पिल्लं गेली, तर पावडरीचं नावही काढू नका, डॉक्टरांना बोलवा. साध्या हगवणीतही आधी ओआरएसचं पाणी आणि कोरडी, उबदार जागा.

दुकानदाराच्या शब्दावर जाण्यापेक्षा स्वतः ताडून बघा. एकाच विणीतली पिल्लं वजनं सारखी करून दोन कप्प्यांत घाला, एकाला पावडर, एकाला नाही. तोडताना आणि तीन आठवड्यांनी पोत्यात घालून काट्याला लावा, रोज सकाळी ओल्या शेपट्या मोजून भिंतीवर खडूने लिहा. शेड आधीच स्वच्छ असेल तर फरक थोडाच दिसतो. दोन-तीन विणींत काहीच दिसला नाही, तर पावडर बंद करा आणि ते पैसे पिल्लांच्या कोपऱ्यातल्या ऊब देणाऱ्या दिव्यावर घाला.