जुन्या टीव्हीच्या सर्व्हिस मेनूत शिरताय? आधी या चुका टाळा

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्तीला घेऊन येणाऱ्यांचं वय निम्म्यावर आलंय. पूर्वी आजोबा यायचे, "बातम्यांत माणसं हिरवी दिसतात" म्हणत. आता पंचविशीतली पोरं येतात. पुण्याच्या जुन्या बाजारातून पाच-सातशे रुपयांत एकवीस इंची सेट उचलायचा, त्याला लहानपणीचा गेम जोडायचा आणि चित्र जरा डावीकडे सरकलेलं दिसलं की इंटरनेटवर सर्व्हिस मेनूचा कोड शोधायचा. कोड पाच मिनिटांत सापडतो. पुढे माझे चार दिवस जातात.

हा मेनू गिऱ्हाइकासाठी नाहीच, मेकॅनिकसाठी आहे. पूर्वी चित्राची उंची, रुंदी, रंगांचा तोल यासाठी सेटच्या आत छोटे प्रीसेट असायचे, ते पेचकसाने फिरवायचे. पुढे ते सगळं आकड्यांत गेलं. हे आकडे आठ पायांच्या एका मेमरी आयसीत बसतात, बहुतेक वेळा २४सी०४ नाहीतर २४सी०८. आत जायची वाट प्रत्येक सेटची वेगळी. सोनी ट्रिनिट्रॉनला स्टँडबायमध्ये डिस्प्ले, ५, व्हॉल्यूम प्लस, पॉवर अशी बटणं भराभर दाबायची. चायना किटवाल्या, म्हणजे तयार चिनी बोर्ड टाकून जुळवलेल्या सेटमध्ये बहुधा आवाज शून्यावर आणून सेटवरचंच व्हॉल्यूम कमी करायचं बटण दाबून धरायचं आणि रिमोटवरचं एखादं बटण दाबायचं. कुठलं, ते किटवर अवलंबून. इथपर्यंत सगळे हुशार असतात.

आधीचे आकडे न लिहिणं

ही पहिली चूक, आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

इंजिनिअरिंगचा एक मुलगा एकवीस इंची फ्लॅट सेट रिक्षात घालून घेऊन आला. तक्रार काय, तर "काका, लाल दिवा लागतो, पुढे काही होत नाही." मी विचारलं, मेनूत गेला होतास का? आधी नाही म्हणाला. चहा आला तेव्हा हो म्हणाला. उंची-रुंदी नीट बसवून झाली होती, तेवढ्यावर थांबला असता तर भेट झालीच नसती. पण मेनूचं शेवटचं पान राहिलं होतं. तिथे नुसतं ओपीटी १, ओपीटी २ असं लिहिलेलं आणि पुढे दोन-दोन अक्षरांचे आकडे. एस-व्हिडिओ (चित्र आत घ्यायची एक वेगळी वाट) चालू होईल म्हणून त्याने एक आकडा बदलला. आवाज गेला. तो परत आणायला दुसरा बदलला. सेट बंद करून चालू केला, तो झालाच नाही.

हे ऑप्शनचे आकडे चित्राचे नसतात. सेटमध्ये कुठला ट्यूनर आहे, आवाजाची कुठली आयसी आहे, कुठल्या सोयी बसवल्यात याची ती यादी असते. सेटमध्ये नसलेली वस्तू "आहे" असं सांगितलं की प्रोसेसर ती शोधत बसतो.

"आधीचे आकडे लिहिलेस?" तर म्हणाला, फोटो काढलेत. आणि खरंच सात फोटो होते. त्यातल्या दोन फोटोंत ऑप्शनचं पान होतं आणि दोन्हींत बरोबर त्या ओळींवर काळा पट्टा. पिक्चर ट्यूबवर चित्र वरून खाली रेघारेघांनी काढलं जातं, आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पन्नास वेळा. मोबाइलचा शटर त्याहून झटपट उघडून मिटतो, त्यामुळे पडद्याचा एखादा भाग काळाच येतो. बाकी पाच फोटो सुरेख होते. त्यांचा उपयोग शून्य.

मग त्याच मॉडेलचा दुसरा सेट शोधणं आलं. अकरा दिवसांनी हडपसरच्या एका जुन्या मेकॅनिक मित्राच्या माळ्यावर सापडला. त्याची मेमरी आयसी काढून वाचली, तीच माहिती या सेटच्या आयसीत लिहिली. सेट चालू झाला, पण चित्र वाकडं आणि चेहरे गुलाबी, कारण ते आकडे त्या दुसऱ्या ट्यूबसाठी होते. एकाच मॉडेलच्या दोन सेटचेसुद्धा आकडे जुळत नाहीत, प्रत्येक ट्यूब आणि योकची (ट्यूबच्या गळ्यावरच्या कॉइलची) जोडी वेगळी. सगळं पहिल्यापासून बसवायला संध्याकाळ गेली. म्हणून कुणी इंटरनेटवर "माझ्या सेटचे परफेक्ट आकडे" टाकले असतील तर ते त्याच्या सेटचे, तुमच्या नव्हे.

माझी पद्धत जुनाट आहे. वही, पेन, एकेका पानावरचा प्रत्येक आकडा, जो मी हलवणार नाही तोसुद्धा. मग तोच कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सेटच्या मागच्या झाकणाला चिकटवतो. फोटोच काढायचा असेल तर मोबाइलचा शटर १/५० सेकंदापेक्षाही हळू ठेवा आणि काढल्यावर तो मोठा करून वाचून बघा. आणि एका वेळी एकच आकडा, तोही दोन-चार पायऱ्या. "ओपीटी", "इनिट", "रीसेट" असं काही दिसलं की हात मागे.

ट्रिनिट्रॉनमध्ये एक दया आहे. बदललेला आकडा वेगळी आज्ञा देऊन लिहिल्याशिवाय पक्का होत नाही. गोंधळ झाला तर काही न लिहिता सेट बंद करायचा, जुनं सगळं परत येतं. चायना किटमध्ये बहुतेक ठिकाणी बटण दाबलं की आकडा लिहिला गेला. तिथे माफी नाही.

सेट टॉप बॉक्सचं दुखणं टीव्हीवर काढणं

वर-खाली काळे पट्टे दिसले की लोक व्ही-साइझ (चित्राची उंची) वाढवत सुटतात. चित्र भरतं, माणसं उंच होतात आणि मग एच-साइझ (रुंदी) शोधायला लागतात. ती साध्या चौदा आणि एकवीस इंची सेटमध्ये बहुधा नसतेच, त्या नव्वद अंशांच्या ट्यूबना ती सोय लागत नाही. मग फोन येतो, "काका, एच-साइझ सापडत नाही." सापडणार कशी?

अहो, आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार बघा, ४:३ चा पडदा भरणारा पर्याय निवडा. संपलं. तपासायचं असेल तर पडद्यावर वर्तुळ आणा. गेमवाल्यांसाठी २४०पी टेस्ट सूट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात चौकटी आणि वर्तुळं दोन्ही आहेत. वर्तुळ मध्यभागी गोल दिसलं पाहिजे, मोजपट्टीने उभं-आडवं मोजा. चित्राच्या कडा थोड्या पडद्याबाहेर जातात तेही मुद्दाम ठेवलेलं असतं. शेवटची रेघ दिसलीच पाहिजे या हट्टाने चित्र आत ओढाल तर विजेचा दाब कमी झाल्यावर चारी बाजूंनी काळी किनार दिसेल.

आणि ज्या सिग्नलवर बघणार त्याच सिग्नलवर बसवा. अमेरिकी गेम साठ हर्ट्झवर चालतात, आपली केबल पन्नासवर. बऱ्याच सेटमध्ये दोन्हींचे आकडे वेगळे साठवलेले असतात. एक बसवला की दुसरा बसला असं होत नाही.

आजार मेनूने झाकणं

याची मला खरी चीड आहे, कारण हे नवशिके कमी आणि धंद्यातलेच लोक जास्त करतात.

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मेमरीतले आकडे आपणहून सहसा हलत नाहीत. काल चित्र नीट होतं आणि आज वर दबलंय, तर दोष आकड्यांत नाही, एखाद्या पार्टमध्ये आहे. वीज पडून किंवा ट्यूबमध्ये स्पार्क होऊन मेमरी बिघडते कधी कधी, पण तेव्हा एकच गोष्ट बिघडत नाही, सगळंच वेडंवाकडं होतं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या सेटमध्ये वरचे दोन इंच चित्र चेपलं होतं, निवेदिकेचं कपाळच नाही. एक जण येऊन गेला, मेनूत व्ही-लिनिअ‍ॅरिटी आणि व्ही-साइझ ओढली, दीडशे रुपये घेतले. कपाळ दिसलं. दोन महिन्यांनी पडद्यावर एकच आडवी पांढरी रेघ उरली तेव्हा सेट माझ्याकडे आला. मागचं झाकण काढलं तर व्हर्टिकल आयसीच्या (चित्र वरून खाली पसरवणाऱ्या आयसीच्या) हीट सिंकला अगदी टेकून उभा असलेला १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्याचं निळं आवरण उष्णतेने आकसून वर सरकलेलं, खाली बोर्डावर तपकिरी डाग. चित्राच्या वरच्या भागाला लागणारा जास्तीचा दाब तोच पुरवतो. तो वाळला की वरचं चित्र दबतं, घडी पडते. आकडे ओढून आयसीला आणखी राबवलं, शेवटी तीही गेली. पाच रुपयांच्या कंडेन्सरच्या जागी आयसी, कंडेन्सर, मजुरी. शिवाय मेनूतले आकडे परत मागे आणायचे. मूळ आकडे अर्थात कुणी लिहिलेले नव्हते.

अशी एकच रेघ दिसली तर सेट लगेच बंद करा. ट्यूबमधला सगळा झोत त्या एका ओळीवर पडतो, फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा लेप) कायमचा जळतो.

चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं तरी तेच. आधी बी प्लस, म्हणजे पॉवर सप्लायचा मुख्य व्होल्टेज, मोजून घ्या, साध्या एकवीस इंचीला तो बहुधा ११० व्होल्टच्या आसपास असतो आणि बऱ्याच बोर्डांवर आकडा छापलेलाही असतो. तो कमी असेल तर पॉवर सप्लायकडे बघा. मेनू बंद करा.

रंग घाईत बसवणं

सेट चालू केला आणि दुसऱ्या मिनिटाला रंगांना हात घातला, हे नको. अर्धा तास तापू द्या. तेवढा वेळ नसेल तर पिक्चर ट्यूब हा तुमचा छंद नव्हे. खिडकीचा पडदा ओढून घ्या, पडद्यावर कृष्णधवल चित्र आणा. अंधारे भाग मेनूतल्या कटऑफच्या आकड्यांनी, उजळ भाग ड्राइव्हच्या. मी हिरव्याला हात लावत नाही, फक्त लाल आणि निळा त्याच्याशी जुळवतो. तिन्ही फिरवणारा माणूस रात्री दोन वाजता आपण सुरुवात कुठून केली तेच विसरलेला असतो.

कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग असेल तर तो आकड्यांनी जाणार नाही. शेजारचा स्पीकर उचला, सेट मेन स्विचने बंद करून अर्ध्या तासाने चालू करा, म्हणजे आतली डीगॉसिंग कॉइल (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारी) काम करेल. स्टँडबायवरून चालू करून बऱ्याच सेटमध्ये ती चालत नाही.

चित्र अंधारं आहे म्हणून झाकण काढून एलओटीवरचा (ट्यूबला मोठे व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) स्क्रीनचा नॉब फिरवू नका. तिरप्या पांढऱ्या रेघा येतात आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. आत साधारण २५,००० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज उरतो. मेनूसाठी झाकण उघडावं लागत नाही, हाच त्याचा मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नका.

योकवरची रबरी पाचर सैल वाटली तरी ओढू नका. गळ्यावरच्या चुंबकाच्या कड्या तर लांबूनच बघा.

आणि रिमोट. जुन्या रिमोटचं रबर थकलेलं असतं, बटण दाबलं की अडकतं. साध्या मेनूत आवाज वाढतो, सर्व्हिस मेनूत आकडा पळत सुटतो. माझ्या ड्रॉवरमधल्या एका रिमोटचं व्हॉल्यूम प्लस असंच अडकतं. त्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय, तरी महिन्यातून एकदा नेमका तोच हाती येतो.